पिंपातला संत अंतोनी

"नुसतं हरायला एवढं मोठं मैदान कशाला लागतं?" नगराध्यक्ष ओताव्हियानो भर चौकात म्हणाला, आणि दोना जेनेरोझाच्या हातातला झारा कढईतच राहिला.

"मग हरणाऱ्यांनी खेळायचं कुठं, तुमच्या डोक्यावर?" तिनं विचारलं.

पेद्रा मान्सा गावातला सांतो अंतोनियो, म्हणजे संत अंतोनीच्या नावाचा फुटबॉल क्लब, वीटभट्टीवरच्या माणसांनी काढलेला. पहिला चेंडू म्हणजे चिंध्या कोंबलेला मोजा होता. गोलाचे खांब जेनेरोझाच्या वडिलांनी भट्टीच्या फळ्यांतून उभे केले. मैदान ओढ्याकडे उतरतं, त्यामुळे जोरात मारलेला चेंडू धुऊनच परत यायचा. क्लबला आयुष्यात एकच करंडक मिळाला, तोही सभ्य वागणुकीसाठी. त्या वर्षी पोरांना तापाची साथ होती, धक्काबुक्की करायचं त्राणच कुणात नव्हतं. वडील गेल्यावर क्लबची किल्ली जेनेरोझाकडे आली. तिनं लग्न केलं नव्हतं, तरी सगळे तिला मानानं दोना, म्हणजे बाई, म्हणायचे. खेळाडूंचे शर्ट ती धुवायची, फाटकापाशी खिमा भरलेले, करंजीसारखे पेस्तेल तळायची, आणि रेफरीला शिव्याही तीच द्यायची.

ओताव्हियानोला क्लबच्या मैदानावर बसस्थानक बांधायचं होतं. गाव फारच ओरडलं तेव्हा तो म्हणाला, "बरं. संत अंतोनीच्या सणाला शेजारच्या रिबेरांव फुंदोला हरवा. मैदान तुमचं."

ते कुणालाच शक्य वाटेना. गोलकीपर दिर्सेऊ गावचा न्हावी होता. तो दबकत म्हणाला, "दोना, संताला उलटं केलं तर?"

नवरा हवा असलेल्या मुली संत अंतोनीला पाण्यात डोकं खाली करून ठेवतात आणि नवरा मिळाल्यावरच सरळ करतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. जेनेरोझानं ते कधी केलं नव्हतं. पण मैदानासाठी तिनं देव्हाऱ्यातला वीतभर संत उचलला.

"एवढासा?" दिर्सेऊ म्हणाला. "काम केवढं, संत केवढा!"

म्हणून देवळातला मोठा, लाकडी संत आला. खेळाडूंच्या खोलीमागच्या पिंपात तो कमरेपर्यंत बुडाला. पाय वर.

सणाच्या सकाळी पाद्री एउस्ताकियो धावतच आले. "जेनेरोझा! बाहेर मिरवणूक खोळंबलीय आणि संत इथं आंघोळ करतोय? काढ त्याला!"

"आधी जिंकू दे."

"अगं, रंग जाईल त्याचा!"

"आमचाही गेलाय, पाद्रीबाबा."

"मग मिरवणूक काय रिकाम्या पालखीची काढू?"

"रिकामी कशाला? पिंप आहे की."

मिरवणूक निघाली. पालखीवर पिंप, पिंपातून वर आलेले संताचे दोन पाय, पायांत झेंडूच्या माळा. पुढचा डावा दांडा मानानं नगराध्यक्षाचा. उजव्या दांड्याला जेनेरोझानं खांदा दिला, कारण संताला कुणी गुपचूप सरळ करील याची तिला धास्ती होती. देवळाच्या उतारावर पिंप कललं आणि निम्मं पाणी ओताव्हियानोच्या पांढऱ्या सुटावर आलं.

"बाई, हे मुद्दाम केलंत!"

"मुद्दाम केलं असतं तर सगळं सांडलं असतं. ताठ चाला! संत पडला तर तुम्हालाच उलटं घालीन पिंपात."

तो निमूट ताठ चालू लागला. बायको गेल्यापासून त्याला कुणी असं दटावलं नव्हतं. मैदानावर पोचेपर्यंत तो थंडीनं कुडकुडू लागला, तेव्हा जेनेरोझानं त्याच्यावर क्लबचा एक धुतलेला शर्ट फेकला. "घाला. मेलात तर आमच्यावर यायचं." वर एक गरम पेस्तेल त्याच्या हातात कोंबला. नगराध्यक्ष आमच्या क्लबचा शर्ट घालून बसलेला पाहून लोकांनी टाळ्या पिटल्या.

सामना आम्ही चार गोलांनी हरलो. चौथा तर दिर्सेऊच्याच गुडघ्याला लागून आत गेला.

जेनेरोझा हातात झारा घेऊन गोलाच्या खांबाला पाठ लावून उभी राहिली. "आणा तुमची यंत्रं. आधी मला उपटा, मग खांब."

ओताव्हियानो शर्टाची बाही ओढत पुढं आला. "यंत्रं नाही येणार. बसस्थानक कुठंही होईल." मग घसा खाकरून म्हणाला, "दोना जेनेरोझा, तुम्ही... म्हणजे तुमचं लग्न झालेलं नाही ना?"

सगळं गाव वळून पिंपाकडे बघू लागलं.

पाद्रीबाबांनी कपाळाला हात लावला. "त्या बिचाऱ्याला एकच काम येतं, जेनेरोझा. तू सांगितलंस काय, त्यानं केलं काय!"

"मग चुकीचं काम केलंय," ती म्हणाली. "मी विजय मागितला होता. हा माल परत घेऊ दे त्याला."

"पण मैदान तर मिळालं!" दिर्सेऊ म्हणाला. "आता सरळ करूया ना त्याला."

"मैदान आमचंच होतं. त्याचे आभार कसले?" मग ती नगराध्यक्षाकडे वळली. लोक म्हणतात, तेव्हा ती किंचित हसली. मी शेजारीच होते. ती हसली नव्हती, पण झारा खाली ठेवला होता. "क्लब जिंकला की विचारा. तोवर संत पिंपात."

तेव्हापासून क्लबच्या बिल्ल्यावर खाली डोकं वर पाय केलेला संत आहे. परगावच्यांना वाटतं, बिल्ला उलटा शिवलाय. क्लब अजून जिंकलेला नाही.

पण ओताव्हियानो जिवंत होता तोवर एकही सामना चुकला नाही त्याचा. रेफरीला शिव्या देण्यात तो जेनेरोझाच्याही पुढं गेला. आणि उन्हाळ्यात पिंपातलं पाणी आटू लागलं की हातात बादली घेऊन, ओढ्याच्या वाटेनं, नगराध्यक्ष स्वतः यायचा.