चार बोटं माया

"तुम्ही मला बोर्डिंगला पाठवाल का?"

खरं तर हा प्रश्न भिंगरीचा नव्हताच. मधल्या सुट्टीत तिच्या दोन मैत्रिणींनी तो तिच्या गळ्यात बांधला होता. वर्गातली एक मुलगी बोर्डिंग शाळेत गेली आणि तिच्या रिकाम्या बाकावर या तिघींची परिषद भरली. एक म्हणाली, तिथे पोरं हुशार होतात. दुसरी म्हणाली, होतात की, पण सुट्टीत घरी आली की पाहुण्यासारखी विचारून पाणी पितात. भिंगरीने मात्र छातीठोकपणे सांगून टाकलं, की आपल्या घरी हा विषय निघूच शकत नाही. पलीकडच्या गल्लीत जायचं तरी आई तीनदा खिडकीत येते. बोर्डिंग म्हटलं तर बाबा भरल्या ताटावरून उठतील!

"मग विचारून बघ," मैत्रिणी म्हणाल्या. "आणि हसायचं नाही."

संध्याकाळी जेवताना तिने विचारलं. हसली नाही. बाबा ताटावरून उठले नाहीत, त्यांनी मीठ मागितलं. आईने बाबांकडे पाहिलं, बाबांनी मिठाकडे. मग आई म्हणाली, "पाठवू की. तुझी एवढी इच्छा असेल तर आम्ही कोण आडवे येणार?"

'पाठवाल का' या दोन शब्दांनी असा घात केला! भिंगरीला विचारायचं होतं, 'तुमच्याने मला पाठवणं होईल का?' आणि घरच्यांना ऐकू आलं, 'पाठवा ना!' तेव्हाच 'अहो, गंमत केली' म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मान ताठ, आणि तोंडातून निघालं काय? "थँक्यू."

आता आधी माघार कोण घेतं, ते बघायचं!

कोणीच घेईना. आई औषधाच्या दुकानात कामाला. निघण्याआधी रोज भिंगरीच्या दोन वेण्या घालायची, आणि भिंगरी रोज 'किती ओढतेस!' म्हणून घर डोक्यावर घ्यायची. त्या सकाळी आईने कंगवाच तिच्या हातात दिला. तिथे कोण घालून देणार, आतापासून सवय कर, म्हणाली. आणि पाठ फिरवून आधीच पुसलेलं पातेलं पुन्हा पुसत बसली. एक वेणी कानावर आणि एक मानेवर घेऊन भिंगरी शाळेत गेली. दिवसभर वाटत राहिलं, कोणीतरी मागून येऊन एकदा जोरात ओढावं.

बाबा शिंपी. घराची पुढची खोली म्हणजेच त्यांचं दुकान. त्यांनी गळ्यातला टेप काढून लेकीचं माप घेतलं. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, पुढे उसवून वाढवायला, त्याला शिंपी 'माया' म्हणतात. बाबा सगळ्यांना दोन बोटं माया सोडायचे. भिंगरीच्या कपड्यांना त्यांनी चार सोडली. पोर तिथे वाढणार आणि उसवून द्यायला आपण नसणार, म्हणाले. धुलाईच्या ढिगात हरवू नयेत म्हणून प्रत्येक कॉलरच्या आत लाल दोऱ्याने 'भिंगरी' असंही काढलं. मशीन चालवताना बाबा नेहमी गुणगुणत. आता नुसतं मशीनच गुणगुणत होतं.

भिंगरी मनात म्हणाली, काय ही घाई! जणू उद्याच घराबाहेर काढायचंय!

त्याच टेबलावर तिच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा नवा सूटही पडला होता. बक्षीस समारंभात तो घालून सर 'स्वावलंबन' या विषयावर बोलायला उभे राहिले. उकडत होतं. सरांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि कॉलरची आतली बाजू सभागृहाला दिसली. लाल दोरा, सुबक अक्षरं. भिंगरी!

पहिली रांग हसली. मग दुसरी. आपला विनोद जमला असं वाटून सरांनी तो पुन्हा सांगितला. त्या उत्साहात बुटाची टाच पॅन्टच्या दुमडीत अडकली, टाका सुटला आणि आतली सगळी माया सरांच्या पायांवर उलगडली. एक बूट दिसेनासा झाला. शाळा सुटेपर्यंत सरांचं नाव 'भिंगरी सर' झालं होतं.

संध्याकाळी सर दुकानात आले, तेव्हा भिंगरी कोपऱ्यातल्या पडद्यामागे नवा गणवेश घालून बघत होती. बाह्या आणि घेर अजून दुमडून शिवायचे होते, त्यामुळे बाह्यांतून हात बाहेरच येत नव्हते. ती जागच्या जागी गोठली.

"मी अजून उंच होईन असं वाटतं का तुम्हाला?" सरांनी विचारलं.

बाबांनी गळ्यातला टेप काढून बोटांभोवती गुंडाळला. मग म्हणाले, "चुकलो, सर. पोर बोर्डिंगला जायचं म्हणतेय. कात्री तुमच्या कापडावर आणि डोक्यात तिचं माप. कितीही सोडलं तरी वाटतं, कमी पडेल."

"मग थांबवा की तिला."

उत्तर दारातून आलं. आई नुकतीच कामावरून परतली होती. "तिची हौस आहे, सर. शाळाही चांगली आहे म्हणतात. तिला म्हटलं, वेणीची सवय कर. पण सकाळी हात शिवशिवतात ते माझेच."

पडद्यामागे भिंगरीच्या डोळ्यांना धार लागली. पुसायला हात सापडेनात, होत्या त्या बाह्याच. ती तशीच बाहेर धावली, घेराच्या चार बोटं मायेत पाय अडकला आणि पडदा, दांडी, टाचण्यांचा डबा यांच्यासकट ती सरांच्या पायाशी येऊन पडली.

बाबा टाचण्या सोडून तिच्याकडे धावले. आईने तिला उठवता उठवता वाकडी वेणी सोडायला सुरुवातही केली. जोरात ओढली. भिंगरीला इतकं बरं वाटलं, की तिने 'आई गं'सुद्धा म्हटलं नाही.

"आई, बाबा," ती म्हणाली, "माझा निर्णय झालाय. मी हे घर सोडून कुठेही जाणार नाही."

तेवढ्यात तिची नजर वर गेली. सर तिच्या उलटलेल्या कॉलरवरची लाल अक्षरं सावकाश, एकेक करून वाचत होते.

"उद्या शाळेतसुद्धा नाही."