काठावरचे नाना

पोहायला शिकवणाऱ्या मास्तरानेच पाण्यात डोकं घालायला बंदी केल्याचं तुम्ही कुठे ऐकलं नसेल. आमच्या नानांनी केली होती. दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमारास मी अमळनेरला कॉलेजात होतो आणि नाना आमचे पोहण्याचे मास्तर होते. कापसाच्या जिनामागच्या विहिरीच्या पायरीवर ते उभे राहत आणि कुणाचं डोकं क्षणभर पाण्याखाली गेलं की ओरडत, "डोकं दखाड रे! दखाड डोकं!" डोकं दिसेपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नसे.

त्यामुळे आमचा अख्खा संघ म्हशींसारखा माना वर काढून पोहायचा. बुडी बंद, सूर बंद. शर्यतीत आम्ही कायम शेवटचे. प्रिन्सिपॉलसाहेब एकदा म्हणाले, "नाना, मुंबईची मुलं तोंड पाण्यात घालून पोहतात."

नाना म्हणाले, "साहेब, मुंबईना मास्तरले झोप कशी लागस?"

मला मात्र ते आवडत, कारण मी पक्का भित्रा. विहिरीतलं काळं पाणी बघितलं की दोन पायऱ्या मागे सरायचो. पहिले तीन आठवडे मी पायरीवर बसूनच काढले, तरी नाना रागावले नाहीत. "भेव लागस ना? चांगलं शे. मलेबी लागस," म्हणायचे.

ही थट्टा नव्हती, हे मला पुढे कळलं. कॉलेजात येण्याआधी नानांचं आयुष्य धुळ्याकडच्या विहिरींत गेलं होतं. कुणी बुडालं की गावोगावचे लोक त्यांनाच बोलवायला यायचे. नाना खाली उतरायचे आणि माणूस वर आणायचे. बहुतेक वेळा उशीर झालेला असायचा. असलं काम करणाऱ्याला मुलगी कोण देणार? नाना एकटेच राहिले.

पुढच्या पावसाळ्यात धुळ्याच्या एका आखाड्याने पांझरा नदीत शर्यत ठेवली. एव्हाना मीही संघात होतो. आम्ही नदीवर पोचलो तेव्हा वर साक्रीकडे झालेल्या पावसाचा लोंढा खाली उतरला होता. पाणी लालभडक, फुगलेलं. एक अख्खी बाभळ आमच्यासमोरून वाहत गेली.

"पोरे उतरनार नहीत," नाना म्हणाले.

शर्यत भरवणारे शेठ हसले. "एवढंसं पाणी, मास्तर! घाबरलात की काय?"

"हां, घाबरनू."

काठावरचे लोक खो खो हसले. शेठ म्हणाले, "मग तुमच्या साहेबांना कळवतो, मास्तर बदला म्हणून." लाजेनं आमच्यातल्या दोघांनी सदरे काढले. नानांनी त्यांना मागे ढकललं.

"पह्यले मी जास. पलीकडे पोचनू, तं मंग तुम्ही," म्हणाले आणि धोतर सोडून लंगोटावर नदीत शिरले.

अर्ध्यापर्यंत त्यांचं पांढरं डोकं दिसत होतं. मग एकदा गेलं, वर आलं, परत गेलं. आणि दिसेचना. आम्ही "नाना! नाना!" करत काठाने धावत सुटलो. इतका घाबरलो होतो की आपण गुडघाभर पाण्यात उतरलोय, हेही मला कळलं नाही. माझ्या शेजारचा, आमच्याच संघातला एक धिप्पाड कुस्तीगीर हमसून हमसून रडत होता.

खूप खाली, वळणावर, नाना एका झाडाच्या मुळीला धरून लोंबकळताना सापडले. आम्ही साखळी करून त्यांना ओढून काढलं. शेठजींचं तोंड पांढरं पडलं होतं. कुणी न सांगताच त्यांनी शर्यत रद्द केली.

नाना चिखलात बसले होते, कुडकुडत. आम्ही आपले सदरे त्यांच्या अंगावर टाकले. कुणी त्यांचे पाय चोळत होतं, कुणी अजून रडत होतं. नाना एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले,

"मी इहीरमा उतरू, तवय काठवर सारं गाव वाट दखे. पन ती बुडेल मानूसनी वाट. मनी वाट आज पह्यल्यांदा कोनी दखी रे."