एकोपा सोसायटीतील धर्मस्वातंत्र्याची चोख व्यवस्था

धर्मस्वातंत्र्य ही अत्यंत मौल्यवान वस्तू असल्यामुळे ती रोज वापरायची नसते. चांगल्या कपबशा जशा शोकेसमध्ये ठेवतात आणि पाहुण्यांना काचेतून दाखवतात, तशी ती ठेवायची असते. हे ज्यांना कळले नाही त्या देशांचे काय झाले ते आपण पेपरात वाचतोच. विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यातील एकोपा सहकारी गृहनिर्माण संस्थेला मात्र हे वेळीच कळले, आणि त्याचे सगळे श्रेय संस्थेचे सचिव श्री. शत्रुघ्न हळदणकर यांना द्यावे लागेल. (संस्थेला अध्यक्षही होते. ते सही करत.)

हळदणकर मूळचे मालवणकडचे, नोकरी मुंबईला एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात. माणूस सरळ. कुणाचे वाईट चिंतणार नाही. भले करायचे झाले तर आधी अर्ज मागेल. दोन हजार तीन साली कुठल्याशा सोसायटीत पूजेवरून मारामारी झाल्याचे त्यांनी वाचले. पुढच्याच सभेत त्यांनी नियम मंजूर करून घेतला: संस्थेच्या आवारात अथवा सदनिकेत बाहेरची माणसे बोलावून कोणताही धार्मिक कार्यक्रम समितीच्या परवानगीशिवाय होणार नाही. नियम सर्वांना सारखा. टाळ्या पडल्या.

पंचाईत घरी गेल्यावर झाली. "अहो, मग आपल्या गेटवरच्या गणपतीलासुद्धा परवानगी लागणार का?" असे त्यांच्या पत्नी मनोरमाबाईंनी भाकरी थापता थापता विचारले. हळदणकरांचे जेवणावरून लक्ष उडाले. गणपतीकडे अर्ज मागायचा म्हणजे काय! पण बुद्धी चालणारा माणूस. ताटावरून उठायच्या आत त्यांनी तोडगा काढला. जे बहुतेक मजल्यांवर होते ती संस्कृती, आणि जे एखाद्याच दारामागे होते तो धर्म. नियम धर्माला आहे. संस्कृतीला परवानगी कशाला?

त्यानुसार इमारतीची रीतसर छाननी झाली. गेटवरचा गणपती, संस्कृती. गच्चीवरची सत्यनारायणाची महापूजा, अर्थातच संस्कृती (लाउडस्पीकर: लोककला). दहीहंडी हा क्रीडाप्रकार निघाला. नवरात्रातला गरबा, ज्यात तिसऱ्या मजल्यावरचा अल्पेश मध्यरात्र उलटेपर्यंत घाम गाळी, तो आरोग्याच्या सदरात गेला. पाण्याच्या नव्या पंपाला हळदकुंकू वाहून नारळ फोडला होता, तो देखभाल-दुरुस्तीत बसला. छाननीअंती असे आढळून आले की संपूर्ण इमारतीत धर्म म्हणून जो काही होता, तो फक्त दुसऱ्या मजल्यावर, मटिल्डाबाईंच्या घरी शिल्लक होता. प्रमाण इतके अल्प असल्याबद्दल समितीने समाधान व्यक्त केले.

मटिल्डाबाई मूळच्या वसईतल्या पापडीच्या. वाडीच्या वाटण्या झाल्या, वाट्याला जे आले त्यात मुलाने, बेसिलने, हा फ्लॅट घेतला, आणि तो बोटीवरच्या नोकरीला निघून गेला. म्हातारा नवरा ॲन्सेल्म त्या वर्षीच्या मार्चमध्ये वारला. तेव्हापासून बाई एकट्या. पण स्वभावाने अशा, की मनोरमाबाई टायफॉइडने आडव्या झाल्या तेव्हा हळदणकरांच्या घरचा स्वयंपाक महिनाभर त्यांनीच केला. हळदणकर हे कधीही विसरले नाहीत. सभेतही दोनदा बोलून दाखवले.

सप्टेंबरअखेर मटिल्डाबाई त्यांच्याकडे आल्या. ऑक्टोबर हा रोझरीचा महिना. चर्चमधली मरियामातेची मूर्ती एकेका संध्याकाळी एकेका घरी येते. आजूबाजूची कुटुंबे जमतात, गाणी म्हणत मूर्ती आणतात, माळेची प्रार्थना करतात, आणि दुसऱ्या दिवशी ती पुढच्या घरी जाते. यंदा मटिल्डाबाईंचा नंबर लागला होता.

"ॲन्सेल्म गेल्यावरचा पयला ऑक्टोबर हाय, हळदणकर भाऊ," त्या म्हणाल्या. "रातभर आई माझ्या घरात ऱ्हाईल. मना मोप बरं वाटंल. अर्ध्या तासाचं काम."

हळदणकरांना भरून आले. "मटिल्डाताई, अहो घर तुमचं, देवी तुमची. आम्ही कोण अडवणार? फक्त एक अर्ज द्या."

समिती बसली. प्रश्न साधा नव्हता. परवानगी ही समाजाला देता येते, एकट्या बाईला कशी देणार? समाज म्हणजे किमान किती माणसे, यावर खल झाला. बेसिल जमेस धरावा अशी सूचना आली. पण तो वर्षातले बरेच महिने पाण्यावर असल्याने त्याची गणना इमारतीत करावी की समुद्रात, यावर एकमत होईना. येणारी मंडळी बाहेरची, सबब ती आपला समाज नव्हे. तेव्हा बाईंना समाज नाही, असे ठरले. (त्या जिन्यात बसून निकालाची वाट पाहत होत्या. त्यांच्याजवळ चौथ्या मजल्यावरच्या ज्ञानदाची तान्ही मुलगी झोपली होती, कारण ज्ञानदा समितीवर होती.)

मटिल्डाबाईंनी दारातूनच विचारले, "मंग आमचीबी संस्कृतीच लिवा ना."

 मग हळदणकरांनी समजुतीच्या सुरात खुलासा केला की संस्कृती अशी लिहून मिळत नाही, ती मुळात असावी लागते.

तरीही समिती उदार. खास बाब म्हणून परवानगी देण्यात आली, अटी माफक. माणसे पाचाच्या वर नकोत. गाणी म्हणायची तर मनातल्या मनात. मेणबत्ती आतल्या खोलीत. आणि मूर्ती जिन्यातून उघडी न नेता पिशवीतून आणावी, म्हणजे कुणाच्या भावना दुखावणार नाहीत. पिशवी संस्थेतर्फे पुरवण्यात येईल.

संध्याकाळी हळदणकर स्वतः पिशवी घेऊन गेले. मनोरमाबाईंनी बाजारहाटाची सर्वांत नवी निवडून दिली होती, देताना मात्र "लाज नाही वाटत?" एवढेच म्हणाल्या आणि आत गेल्या. बायकांना कार्यपद्धती कळत नाही.

मटिल्डाबाईंनी पिशवी हातात घेतली, नीट घडी केली आणि परत दिली.

"माझी आई पिशवीतून येनार नाय," त्या म्हणाल्या. "ती काय भाजी हाय?"

त्यांचा आवाज चढला नाही. डोळे तेवढे भरले होते. हळदणकरांनी घरी येऊन अर्जावर 'अर्जदाराने स्वेच्छेने माघार घेतली' असा शेरा मारला, आणि त्या रात्री ते जेवले नाहीत. पित्त झाले असावे, असे त्यांनी मनोरमाबाईंना सांगितले.

ठरल्या संध्याकाळी मूर्ती मागच्या चाळीतल्या रिटा नावाच्या बाईच्या एका खोलीच्या घरी गेली. मेणबत्त्या घेतलेली माणसे गात गात एकोपाच्या गेटवरून गेली. मटिल्डाबाई गेटबाहेर उभ्या होत्या. मूर्ती समोर येताच त्या रस्त्यातच गुडघ्यांवर बसल्या. हळदणकर गॅलरीतून पाहत होते. खाली जावे आणि बाईंना हात देऊन उठवावे असे त्यांना फार वाटले. पण रस्ता संस्थेच्या हद्दीबाहेर होता. शेवटी मनोरमाबाईच चप्पल न घालता धावत गेल्या आणि त्यांनी बाईंना उठवले.

नाताळाआधी मटिल्डाबाई फ्लॅट विकून पापडीला भाच्याकडे राहायला गेल्या. एकोपाने त्यांना निरोप समारंभात शाल-श्रीफळ दिले. हळदणकरांनी भाषण केले आणि भाषणात त्यांना खरोखरीच रडू आले. त्यानंतर इमारतीत धर्म उरला नाही, सबब तंटाही उरला नाही. परवानगीचा नियम वापराअभावी रद्द झाला. आज एकोपात कुणीही, कोणत्याही धर्माचा, काहीही कार्यक्रम करावा. कुणी हूं का चूं करणार नाही.

हे वाचून तुम्ही म्हणाल, शी, काय माणसं ही! आमच्या सोसायटीत बुवा असलं काही नाही. आमच्याकडे तर पहिल्यापासून कसलाच नियम नाही. मनापासून अभिनंदन. आता जरा खाली उतरा आणि जिन्याजवळच्या फळ्यावरची नावे वाचून या. एखादी मटिल्डा सापडली? नाही ना? ती आली होती, फ्लॅट बघायला. दार तुम्हीच उघडलंत, पाणीही दिलंत, आणि किती गोड बोलून सांगितलंत, की फ्लॅट कालच गेला.