काचेच्या कपाटातले हातमोजे

एका जंगलात, मुलांनो, राजाची शेपूट जळाली.

होळीचा दिवस होता. एक ठिणगी उडाली ती थेट सिंहमहाराजांच्या शेल्यावर. शेला पेटला आणि शेपटीचा गोंडा गेला. तशी त्या जंगलात दरवर्षी वणव्यात कितीतरी घरटी जळत. पण ती आपली दैवगती. गोंडा जळणं ही मात्र राष्ट्रीय आपत्ती ठरली.

दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटली. यापुढे पेटणारं कापड कुणी विकायचं नाही, कुणी पांघरायचं नाही!

आता राजाला संकट आलं की कुणाचं तरी भलं होतं. इथे ते तरसाजीशेठचं झालं. हे शेठ जातीचे तरस. तरस कसं, सदा हसल्यासारखं ओरडतं. शेठ माल खपला की हसत, आणि कामगार आजारी पडला तरी हसत. त्यामुळे 'माणूस मोठा आनंदी हो,' असं सगळे प्राणी म्हणत.

शेठनी नदीकाठी कारखाना काढला. सुगरणींनी विणलेलं कापड तिथे यायचं. ते मोठ्या हौदात बुडवायचं, रुळांतून पिळायचं आणि तापलेल्या भट्टीत वाळवायचं. हौदाच्या पाण्यात नदीपलीकडून आलेली एक भुकटी कालवत. ती कालवताना पांढरा धुरळा उडे, आणि भट्टीतून डोळे चुरचुरवणारी वाफ येई. पण त्या पाण्यातून निघालेलं कापड चुलीत टाकलं तरी पेट घेत नसे. म्हणून तिला सगळे 'औषध' म्हणत. एकदा औषध म्हटलं की कशाची भीती?

कापड बुडवायला हात लागतात. जंगलात हात कुणाला? वानरांना. म्हणून हौदावर वानरिणी उभ्या असत. त्यांतलीच एक ठकू. तिच्या पोटाला तिची तान्ही लेक घट्ट चिकटलेली असे. वानरांमध्ये पाळणाघर वेगळं नसतं. आईचं पोट, तेच पाळणाघर.

औषधाच्या पहिल्या पिंपाबरोबर एक खोकंही आलं होतं. त्यात कोपरापर्यंत येणारे हातमोजे होते, नाकातोंडावर बांधायच्या पट्ट्या होत्या आणि एक चित्र होतं. चित्रातल्या हातात मोजा होता, नाकावर पट्टी होती.

मुकादम साळिंदर ते चित्र बराच वेळ न्याहाळत बसला. नेमकी त्याच दिवशी खंडेनवमी होती. त्याने ते खोकं शेठसमोर ठेवलं आणि म्हणाला, "शेठ, हत्यारं आलीत. पुजून घेऊ."

झालं! मोज्यांना हळदकुंकू वाहिलं, पट्ट्यांना झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फुटला.

आता खंडेनवमीला शिंपी कात्री पुजतो, पण दसरा झाला की कात्री पुन्हा कापड कापायला लागते. इथे तसं झालं नाही. मोजे इतके छान दिसत होते की शेठना ते हौदात घालवेनात. त्यांनी काचेचं कपाट करवून घेतलं आणि पूजेचा सगळा सरंजाम त्यात मांडून कुलूप लावलं. वर पाटी लावली, 'सुरक्षा हाच आमचा देव.'

त्या दिवसापासून प्रत्येक वानरीण कामावर येताना कपाटापुढे हात जोडी आणि मग तेच हात हौदात घाली.

ठकूही जोडी. अगदी मनापासून जोडी. लेकीचंही डोकं टेकवी. आधी तिच्या बोटांना खाज सुटली. मग कातडी सोलवटून निघाली.

शेजारी भागामावशी नावाची जुनी वानरीण कापड बुडवत असे. ती म्हणाली, "एवढ्यात रडू नको गं. माझ्या तळहातावर बघ, एक रेघ राहिली नाही. परवा जोशी पोपट हात बघायला बसला आणि म्हणतो, मावशी, तुम्हाला भविष्यच नाही!"

दोघी हसल्या. हसता हसता दोघींना खोकला आला.

ठकू मुकादमाकडे गेली. साळिंदराशी जवळ जाऊन बोलायची सोय नसते, म्हणून लांबूनच म्हणाली, "मुकादम, हात फार झोंबतात हो."

"नमस्कार करतेस ना रोज?"

"करते की."

"मग श्रद्धा कमी पडते तुझी," मुकादम म्हणाला.

ठकूला ते पटलं. तिने शनिवार धरला.

पण उपासाने हात बरे झाले नाहीत, आणि पुढे तर भलतंच झालं. वानराचं पिल्लू आईच्या अंगावर वाढतं, आईचे केस चाटतं. कारखान्यात धुवायला नळ होता, पण त्याचं पाणी शेठ पाहुण्यांसाठी राखून ठेवत. ठकू अंगावरच्या पांढऱ्या धुरळ्यासकट घरी जाई आणि लेक ती भुकटी चाटत झोपी जाई. एके सकाळी लेकीच्या ओठांवर फोड दिसले. तिचा इवलासा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. तिने दूध प्यायचं सोडलं.

ठकू धावत कपाटापाशी गेली. नमस्कार न करताच म्हणाली, "मुकादम, ते मोजे मला द्या. काम झालं की धुऊन परत ठेवते."

सगळा कारखाना थबकला.

"पूजेतली वस्तू वापरायची?" मुकादमाचे काटे उभे राहिले. "विटाळेल की! अगं, वापरलं की झिजतं, आणि झिजलं की नवं आणावं लागतं!"

शेठ हसत बाहेर आले. "ठकूबाई, तू तर आमच्या घरचीच. तुझी काळजी आम्हाला नाही का?" त्यांनी तिथल्या तिथे सुरक्षा सप्ताह जाहीर केला. लिंबू-चमचा झाला. घोषवाक्यांची स्पर्धा झाली. आणि शेवटच्या दिवशी 'जागरूक कामगार' म्हणून ठकूचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला.

शाल हौदातून नुकतीच निघालेली होती. थंडी होती, म्हणून ठकूने ती लेकीभोवती गुंडाळली. त्या रात्री लेक फार खोकली.

मग तपासणीचे साहेब येणार असल्याची वर्दी आली. साहेब म्हणजे कासव. तपासणीला कासव नेमायचं, म्हणजे कारखान्याला तयारीला भरपूर वेळ मिळतो. नळाला पाणी आलं. कपाटाचं कुलूप निघालं. दाराजवळ ठकू होती, म्हणून तिला आंघोळ घालून मोजे चढवले, नाकाला पट्टी बांधली.

साहेब आत आले. भट्टीची वाफ नाकात गेली तशी त्यांनी मान पाठीत ओढून घेतली आणि कारखान्यातून निघेपर्यंत बाहेर काढली नाही. पाठीतूनच त्यांचा आवाज आला, "आक्षेपार्ह असं काही दिसलं नाही."

ते खरंच बोलत होते, मुलांनो. त्यांना काहीच दिसलं नव्हतं.

पण ठकूला दिसलं होतं. मोज्यांतले हात झोंबत नव्हते. धुतलेल्या पोटाला चिकटून लेक कितीतरी दिवसांनी शांत निजली होती. देव कपाटातून बाहेर आला, तेव्हा कुठे पावला होता.

साहेब गेले. मुकादम म्हणाला, "काढ आता."

ठकूने मोजे काढले नाहीत. ती लेकीसकट उडी मारून शेजारच्या उंबरावर चढली, थेट शेंड्याला.

"चोरी! देव चोरले!" मुकादम खालून ओरडला.

हौदावरच्या साऱ्या वानरिणी काम सोडून वर बघू लागल्या. भागामावशी ओरडली, "ठके, उतरू नकोस गं!"

तरसाजीशेठ झाडाखाली आले. हसत होते, पण जरा कमी. "ठकूबाई, म्हणणं काय तुझं?"

"सगळ्यांना मोजे द्या. पट्ट्या द्या. घरी जाताना नळाचं पाणी द्या."

"सगळ्यांना दिले तर पूजा कशाची करायची?" शेठनी हौदावरच्या गर्दीकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "असं कर. तू हौदच सोड. या मोज्यांचं आपण देऊळ बांधू. तू पुजारीण हो. सावलीत बसायचं. अभिषेकाचं पाणी आहे, प्रसादाचं केळं आहे. पोर बरी होईल तुझी."

ठकूने हौदावरच्या मैत्रिणींकडे बघितलं. मग पोटाकडे बघितलं. लेकीचा श्वास पुन्हा शिट्टी वाजवत होता.

ती खाली उतरली. भागामावशीने मान फिरवली आणि हात पुन्हा हौदात घातला.

देऊळ छान झालं. ठकूच्या बोटांवर नवी कातडी आली. अभिषेकाच्या पाण्याने हात धुतल्याशिवाय ती लेकीला उचलत नसे. लेक बाळसं धरून देवळाच्या घंटेला लोंबकळू लागली.

हौदावरच्या ठकूच्या जागी भागामावशीची सून उभी राहिली. गुणा तिचं नाव. तिच्याही पोटाला तान्हं होतं. काही दिवसांनी ती देवळाच्या पायरीशी आली. बाळाच्या ओठांवर फोड होते.

"ठकूताई, मोजे एकदाच द्या हो. तुम्हाला तर सगळं ठाऊक आहे."

ठकूला सगळं ठाऊक होतं. तिचा हात किल्लीकडे गेला. इतक्यात मागे घंटा वाजली आणि लेक खुदकन हसली.

ठकूने किल्ली कमरेला खोचली. गुणाच्या सोललेल्या तळहातावर वरूनच, स्पर्श न होऊ देता, केळं ठेवलं.

"पूजेतली वस्तू गं बाई ती," ठकू म्हणाली. "रोज नमस्कार करतेस ना? मग श्रद्धा कमी पडते तुझी."

तात्पर्य: सुरक्षेची मनोभावे पूजा करणाऱ्याच्या केसालाही धक्का लागत नाही. फक्त ती पूजा करण्याची नोकरी आधी मिळवावी लागते.