छत्रीच्या वेळी विस्कटलेले केस

कुठलीही मालिका लावा! पहिल्या भागात नायिका घसरली की मी सांगते, सावरायला येईल तोच तिचा नवरा! कोरियातल्या मोकपो बंदराच्या मागं माझं केस कुरळे करायचं दुकान आहे. तिथं टीव्ही आधी लागतो, दिवे मागाहून. आणि माझ्या हातचे कुरळे म्हणजे शांत समुद्रावरच्या लाटा!

त्या शनिवारी सुनदोकताई सकाळीच आल्या. दुपारी त्यांच्या लेकीच्या, सोराच्या होणाऱ्या सासूशी पहिली भेट होती, खानावळीत. सासू ग्वांगजू शहरातली निवृत्त मुख्याध्यापिका.

"मालजा, नीट कर गं! बाईंचा नुसता फोटो बघूनही मी उठून उभी राहते. नाक मुरडलंन तर पोरीचं जमलेलं मोडेल!"

"ताई, डोळे मिटून बसा!"

डोळे मिटतंय कोण! गुंडाळ्या लावल्या, औषध चोपडलं, आणि टीव्हीवर कालचा भाग परत लागला. धो धो पाऊस. ती भिजतेय. तो छत्री घेऊन निघालाय.

"येतोय गं, येतोय!"

"येणारच! न येऊन सांगतोय कुणाला!"

आदल्या रात्री दोघींनीही पाहिलेलाच भाग. पण अंगाई बाळाला पाठ असते, म्हणून का कुणी ती अर्ध्यावर सोडतं? गुंडाळ्या सोडायची घंटी वाजली, वाजून वाजून दमली, गप्प झाली. छत्री उघडली. आम्ही पोटभर रडलो.

"मालजा, डोकं चुरचुरतंय गं."

धावत गुंडाळ्या सोडल्या. लाटा कुठल्या! विजेचा झटका बसलेली मेंढी!

"जरासे... फुललेत, ताई."

"फुललेत? स्फोट झालाय! आता चल माझ्याबरोबर, मेले! पिना घे!"

खानावळीत ताई डोक्याला रुमाल आवळून बसल्या. समोर मुख्याध्यापिका, पट्टीसारख्या ताठ, टोपी कानांपर्यंत ओढलेली. हालचाल काय ती ताटलीतल्या जिवंत ऑक्टोपसचीच!

ताई आदरानं वाकल्या आणि रुमाल सुटला. भस्सकन केस वर! सोरानं डोळे गच्च मिटले. माझ्या हातातल्या पिना खळकन जमिनीवर.

मुख्याध्यापिका बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आज सकाळी? छत्रीच्या वेळी?"

"छ... छत्रीच्या वेळी," ताई पुटपुटल्या.

"माझेही!"

आणि त्यांनी टोपी काढली. खाली दुसरी मेंढी!

मग काय विचारता! हसून हसून दोघींच्या डोळ्यांतून पाणी. "विहीणबाई, तो छत्रीवाला तिच्याशीच लग्न करेल ना हो?" "करेल तर! पण शेवटच्या भागापर्यंत रडवेल मेला!" रस्सा येईस्तोवर लग्नाचा महिना ठरला. पोरांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

मी छाती पुढं काढली. "ताईंचे केस मी केलेत बरं का! माझ्यामुळे जुळलं!"

मुख्याध्यापिकांनी माझे दोन्ही हात मायेनं हातात घेतले. "तुमचे उपकार जन्मात विसरणार नाही. लग्नात पहिल्या रांगेत बसायचं!"

मी फुलून गेले.

"नवरीचे केस मात्र," त्या म्हणाल्या, "दुसरीकडे करू हं!"