समुद्राकडची खबरबात

सकाळी नळाला पाणी आलं की आमच्या समोरच्या दारातून आवाज येतो, "भरती आली हो!" पाणी गेलं की "ओहोटी!" जुन्या लोकांना याची सवय आहे. नवे भाडेकरू गोंधळतात. वरच्या मजल्यावर नुकताच राहायला आलेला एक इंजिनियर तर पहिल्याच दिवशी गोदावरीला पूर आला की काय म्हणून दाढीचा साबण तसाच तोंडावर ठेवून गच्चीवर पळाला होता.

ही घोषणा करणाऱ्या आमच्या कुमुदकाकू. त्यांचे यजमान द्वारका चौकात ट्रान्सपोर्टचा धंदा करायचे. तरुणपणी ते आंब्याच्या पेट्या आणायला रत्नागिरीकडच्या एका खेड्यात गेले आणि पेट्यांबरोबर काकूंनाही घेऊन आले, असं काकू स्वतःच सांगतात. "पेट्या उतरवल्या, मी तेवढी राहिले," हे त्यांचं पुढचं वाक्य. काका जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी बंगळुरूला असते. काकू एकट्या राहतात, पण त्यांच्या घरात समुद्र इतका असतो की एकटेपणाला जागा नाही, असं आम्हाला वाटायचं.

गोदावरीबद्दल त्यांना आदर आहे, जिव्हाळा नाही. "नदी चांगली आहे हो," त्या म्हणतात, "पण गेली ती गेलीच. समुद्र कसा, सकाळी गेला तरी संध्याकाळी घरी." नाशिकच्या माशांबद्दल मात्र आदरही नाही. बाजारात बांगडा उचलून त्या विचारतात, "अगो, हा बांगडा आहे की बांगड्याचा फोटो?" मासेवालीही पक्की. ती म्हणते, "तुम्हीच सांगा काकू, तुम्ही त्याला जिवंतपणी ओळखत होता."

हे बारमाही. काकूंचा खरा हंगाम सुरू होतो तो संक्रांतीनंतर. थंडी सरली, पिंपळगावकडून द्राक्षांचे टेम्पो धावायला लागले, की काकू जिन्यात, लिफ्टमध्ये, दूधवाल्याच्या रांगेत प्रत्येकाला गाठून एकच प्रश्न विचारतात, "समुद्राकडे काय चाललंय, आहे का पत्ता?"

इथे "नाही" म्हणावं. "आहे" म्हटलं तर "सांगा बघू" असं येतं आणि मग पळता येत नाही. "नाही" म्हटल्यावर काकू त्यांच्या गावच्या येत्या दिवसांतले सगळे कार्यक्रम सांगतात. शिमग्याची पालखी कोणत्या वाडीत कधी जाणार. नमनाचा खेळ कुठल्या अंगणात होणार आणि त्यात गवळण कोण होणार. कोवळ्या फणसाच्या भाजीची स्पर्धा. होड्यांची शर्यत. जाळी ठेवायच्या शेडमध्ये गावातल्या पोरापोरींचं चित्रप्रदर्शन. आणि शाळेतल्या मुलांनी किनाऱ्यावर करायची वाळूची शिल्पं.

"मागच्या खेपेला हत्ती केला होता," एकदा त्यांनी मला लिफ्टमध्ये सांगितलं. "परीक्षक यायच्या आत भरतीत सोंड गेली. या वर्षी कासव करणार आहेत. कासव बरं, त्याचं जाण्यासारखं बाहेर काही नसतं."

आमचा मजला केव्हाच आला होता. काकूंनी लिफ्टचं दार धरून ठेवलं होतं.

नाशिकमध्ये मात्र काय चाललंय याचा त्यांना कधी पत्ता नसतो. एका रंगपंचमीला अख्खं जुनं नाशिक रहाडीतल्या, म्हणजे जुन्या दगडी हौदातल्या, रंगात उड्या मारून परत येत होतं आणि काकू गॅलरीतून विचारत होत्या, "आज एवढी माणसं ओली का?"

या सगळ्या बातम्या त्या फोन करकरून मिळवायच्या. मिळवून थांबायच्या नाहीत. सोसायटीतल्या कुणाला चार दिवस सुट्टी आहे असा वास जरी लागला, तरी त्याला त्या आपल्या गावी धाडायच्या. उतरायची जागा ठरलेली, एक घरगुती लॉज. काय खायचं, कुठल्या कार्यक्रमाला पुढे बसायचं, कुठल्या वेळी बिलकुल झोपायचं नाही, सगळं त्या ठरवून द्यायच्या. माणूस परत आला की उंबऱ्यातच त्याची साक्ष व्हायची. पण त्यांचे प्रश्न चमत्कारिक. समुद्र कसा वाटला, हे विचारायच्याच नाहीत. "विहिरीचं पाणी प्यालात का? ओटीवरच्या झोपाळ्याची कडी अजून कुरकुरते का? मागच्या दारच्या रातांब्याला फळं धरली होती?" लोक बापडे म्हणायचे, "जेवण छान होतं हो काकू."

"आणि तुम्ही का नाही जात?" असं कुणी विचारलंच, तर उत्तर तयार. "मला घाट लागतो."

कसाऱ्याच्या घाटात गाडी थांबवून याच काकूंनी दोन वडे आणि वर माझ्या ताटलीतला एक, असे हसत हसत संपवले होते. तेव्हा आम्ही कुणाच्या तरी लग्नाला मुंबईला निघालो होतो. मी आठवण करून दिली, तर म्हणाल्या, "तो घाट वेगळा."

माझी आई आमच्याकडे राहायला आली, तेव्हा काकूंना पहिल्यांदा तोडीस तोड माणूस भेटलं. आई देवळ्याची. जन्म कांद्याच्या वाफ्यांत गेला. समुद्र तिने टीव्हीवर पाहिलेला, तोही बातम्यांत वादळ आलं तर. दोघी संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर बसायच्या आणि भांडायच्या.

"लय झालं तुमचं समुद्रपुराण, कुमुदबाई," आई म्हणायची. "पाणी पाह्यला इतक्या लांब जायचं? आमच्या गावाकडं पाणी पाह्यचं तर आम्ही विहिरीत डोकावतो."

"आणि दिसतं का?"

"नाय दिसत. पण जवळ तर हाय!"

शेवटी काकूच जिंकल्या. त्या फाल्गुनात आई, मी आणि बायको नीता, असे तिघं त्यांच्या गावी जायला निघालो. निघायच्या आदल्या दिवशी नीताने सहज विचारलं, "काकू, तुमचे भाऊ, दादा, तिथेच असतात ना? मग त्यांच्याकडेच उतरतो की. ओळख होईल."

काकू पिशवीत आमच्यासाठी लाडू भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शिमग्यात दादाकडे फार गर्दी असते हो. तुमच्याकडे बघायला कुणाला वेळ व्हायचा नाही."

पहाटे निघालो ते संध्याकाळी पोचलो. सामान टाकायच्या आधी आईला किनाऱ्यावर नेलं. तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी पाहून घेतलं. मग पदर सावरत मला हळूच म्हणाली, "हे सगळं पाणी कोणाचं रे?"

"कोणाचंच नाही."

"आन् कोणी उपसत पण नाय?" तिने मोठा सुस्कारा सोडला.

लॉज म्हणजे लाल चिऱ्यांचं जुनं कौलारू घर. चालवणारी रेश्मा, तिशीतली, हसरी, सतत पदर खोचलेली बाई. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना ती म्हणाली, "तुम्हाला त्या नाशिकच्या बाईंनी पाठवलं ना? टूर काढतात त्या?"

"टूर? नाही हो."

"नाही? मग दरवर्षी एवढी माणसं कशी धाडतात? आणि फोनवर चौकशी तरी किती! पालखी कधी, नमन कधी ते ठीक आहे. पण विहिरीला पाणी किती, रातांब्याला फळ धरलं का, पावसात माजघराची भिंत ओलावते का. मी नवऱ्याला म्हटलं, नाशिकची गिऱ्हाइकं भारी चिकित्सक."

नीताने विचारलं, "त्यांच्या दादांचं घर कुठे आहे इथे? त्यांना भेटून यायचंय." आणि काकूंचं माहेरचं आडनाव सांगितलं.

रेश्माच्या हातातली किटली तशीच राहिली. "त्या आडनावाचं गावात हे एकच घर होतं," ती म्हणाली. "म्हातारे दादा गेले त्याला खूप वर्षं झाली. पोरं मुंबईला. त्यांनी घर आम्हाला विकलं. ते... ते दादा म्हणजे त्या बाईंचे भाऊ?"

नीता "हो" म्हणाली. मग आई ओटीवरच्या झोपाळ्यावरून उठली, कडी कुरकुरली, आणि तिने एकेका खोलीतून फिरून ते घर पुन्हा पाहिलं. पाहुण्यासारखं नाही. सोयरीक जुळवायला आलेली बाई घर पाहते तसं.

दुपारी पालखी आली. ढोल आधी ऐकू आले, मग माणसं दिसली, मग खांद्यांवर नाचत येणारी पालखी. ती अंगणात टेकवली. शिमग्याला गावच्या माहेरवाशिणी आवर्जून येतात. आजूबाजूच्या घरांतल्या लेकी पुढे होऊन देवीची ओटी भरू लागल्या. खण, नारळ, तांदूळ. रेश्माने भरली. त्यानंतर गावच्या मानकऱ्याने त्या घरासाठी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. तो एकेक मागणं मोठ्याने सांगायचा आणि भोवतीची माणसं एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणायची. घरातल्यांना सुखी ठेव, व्हय म्हाराजा. धंद्याला बरकत दे, व्हय म्हाराजा.

तो थांबला तशी माझी आई पुढे झाली. जिला कुणी कधी चार माणसांत बोलताना पाहिलं नव्हतं, ती म्हणाली, "दादा, अजून एक राह्यलं. नाशकाला हाय एक लेक ह्या घरची. कुमुद तिचं नाव. तिच्यासाठी पण मागा."

मानकरी म्हातारा होता. त्याने आईकडे निरखून पाहिलं. "कुमुद? आंबेवाल्याला दिलेली?" त्याने विचारलं. आईने मान हलवली. त्याने पुन्हा हात जोडले आणि आवाज चढवला, "ह्या घरची लेक कुमुद, नाशकाक आसा, तिका सुखी ठेव आणि तिका तिच्या माहेराक आण रे म्हाराजा!"

अख्खं अंगण म्हणालं, "व्हय म्हाराजा!"

रेश्माने आत जाऊन दुसरा नारळ आणला आणि आईच्या हातात दिला. आईने काकूंच्या नावाने ओटी भरली.

परत आलो तेव्हा काकू साक्ष घ्यायला दारातच उभ्या होत्या. "काय, नमनात गवळण कशी झाली?"

 आईने काकूंचा हात धरला. "तुझ्या घरी जाऊन आले गं," ती म्हणाली. इतक्या दिवसांची "कुमुदबाई" त्या एका वाक्यात गेली.

काकू खाली पायरीवर बसल्या. आई शेजारी बसली. काकू म्हणाल्या, "पोरांचं काही चुकलं नाही हो. कोण राहणार होतं तिथे? पण आपल्याच माहेरी खोली सांगून जायचं, आणि निघताना किल्ली टेबलावर ठेवायची... ते मला जमलं नसतं. तुम्ही कुणी जाऊन आलात, की आपलं माणूस घरी डोकावून आलं, असं वाटायचं. तेवढं पुरायचं."

"नाय पुरत," आई म्हणाली.

पुढच्या वर्षी संक्रांत झाली तरी काकूंनी कुणाला काही विचारलं नाही. लिफ्टमधले प्रवास लवकर संपू लागले आणि आम्हाला चुकल्यासारखं व्हायला लागलं. मग एका संध्याकाळी त्यांचा फोन वाजला. या वेळी फोन तिकडून होता, रेश्माचा. आवाज मोठा ठेवायची काकूंना सवय, त्यामुळे आम्हालाही ऐकू आलं. "आत्या, शिमग्याला कधी निघताय? पालखीवाल्यांनी दोनदा विचारलं मला. खोली विचारू नका, खोली नाही. घरात या."

काकूंनी फोन ठेवला आणि आईला विचारलं, "माहेरी जाताना काय न्यायचं असतं गं? मी विसरले."

द्राक्षांच्या पेट्या नेल्या. चिवडा नेला. रेश्मासाठी साडी घेतली, ती तीनदा दुकानात जाऊन बदलली. या वेळी रात्रीच निघालो. गाडीत त्यांनी आमचा तिघांचा कार्यक्रम आखून टाकला. पोचल्यावर जेवायचं, लगेच वाळूची शिल्पं, तिथून चित्रप्रदर्शन, मग फणसाच्या भाजीची स्पर्धा. भाजीच्या परीक्षकांत त्यांचं नाव रेश्माने परस्पर देऊन टाकलं होतं. घाटात त्यांना काही झालं नाही. कुणी त्याबद्दल बोललंही नाही.

रेश्माने अंगणात त्यांच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. काकू घरात शिरल्या. खोल्यांतून फिरतील, भिंतींना हात लावतील, रडतील, असं मला वाटलं होतं. तसं काही केलं नाही. जेवल्या. "जरा पाठ टेकते," म्हणाल्या आणि माजघरात रेश्माने टाकलेल्या चटईवर कुशीवर वळल्या.

किनाऱ्यावर वाद्यं वाजायला लागली. नीता आणि मी वाळूची शिल्पं बघून आलो, तरी काकू उठल्या नव्हत्या. चित्रप्रदर्शनाला माणसांची रांग लागली होती. स्पर्धेतल्या भाज्या मांडून झाल्या, तसा एक कार्यकर्ता धापा टाकत घराकडे आला. "परीक्षक काकू कुठे आहेत? सगळे थांबलेत!"

आई माजघराच्या उंबऱ्यावर बसली होती. तिने आत वळून पाहिलं. काकू तोंड किंचित उघडं टाकून, हात उशाला घेऊन, एखाद्या शाळकरी पोरीसारख्या गाढ झोपल्या होत्या.

"तुमची भाजी तुम्हीच चाखा बाबा," आई हळू आवाजात म्हणाली. "लेक लय दिवसांनी माहेरी आलीय. झोपू द्या तिला."