चिखलाचा मंगळवार

बालवाडीच्या फाटकातून आत शिरल्यावर येप्पेच्या लक्षात आलं, की आपण वार चुकलो.

सूचनांचा कागद त्यानेच फ्रीजवर लावला होता. मंगळवारी चिखलाचा खेळ, जुने कपडे घाला. गुरुवारी फोटो, पालकांनीही यावं. त्याने नेमकी अदलाबदल केली होती. त्यामुळे त्याची चार वर्षांची मुलगी टिल्डे आजीने विणलेल्या पांढऱ्याशुभ्र लोकरी झग्यात आणि तो स्वतः फिकट राखाडी सुटात, अशी जोडी उभी होती. समोर चौदा पोरं चिखलात लोळत होती.

"लग्न कुणाचं?" मुख्य शिक्षिका इंगरने विचारलं. "आणि हिचा रेनकोट कुठाय?"

"धुवायला टाकलाय."

"त्याला चिखल कधी लागला होता रे?"

"धूळ होती," येप्पे पुटपुटला.

त्याचं चष्म्याचं दुकान होतं. काचेवर बोटाचा ठसा दिसला, की त्याचा जीव वरखाली व्हायचा. कोपनहेगन सोडून ते रीबे या छोट्या गावात आले, त्याला तीन महिने झाले होते. तेव्हापासून टिल्डे बालवाडीत बाकावरच बसून असायची. कुणी खेळायला बोलावलं, की विचारायची, "हात घाण होतील?" मग बोलावणारं पोर निघून जायचं. हे इंगरने सांगितल्यापासून येप्पेला नीट झोप नव्हती. हा प्रश्न पोरगी कुठून शिकली, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

इंगरने पेटीतून एक जुना पिवळा रेनकोट आणि बूट काढून टिल्डेला चढवले.

"जा बाळा," येप्पे मन घट्ट करून म्हणाला. "पण कडेलाच हं!"

कडच खचली. टिल्डेचा एक बूट नडगीपर्यंत रुतला.

"बाबा! पाय!"

"हलू नकोस! आलो!"

त्याने तिला काखेत धरून वर उचललं. पोरगी आली, बूट राहिला. तिला इंगरकडे देऊन तो वाकला, दोन्ही हातांनी बूट ओढू लागला. बूट हटेना. त्याने दात-ओठ खाऊन हिसका दिला आणि बुटासकट मागच्या मागे चिखलात बसला. कमरेपर्यंत.

सगळी पोरं वळून बघू लागली. मग कुणीतरी खदखदून हसलं. ती टिल्डे होती.

"बाबा पडला! आख्खा पडला!"

इंगरच्या हातून सुटून ती एका बुटावर धावत आली. तिने त्याचं तोंड न्याहाळलं आणि मूठभर चिखल गालावर थापला.

"इथं राहिलं होतं," ती म्हणाली.

येप्पेने खिशातला रुमाल काढला. रुमालातूनही पाणी गळत होतं. तोही हसू लागला.

तेवढ्यात कार्ला नावाची एक दात पडलेली पोरगी जवळ आली. "हा तुझा बाबा?"

"हो. माझाच."

"मग त्याला उठवू नकोस. तो बसलाय तिथं पाणी मस्त अडलंय. आपण धरण बांधू."

टिल्डेने हातांबद्दल काही विचारलं नाही. ती सरळ चिखल उपसू लागली. येप्पेला बराच वेळ भिंत म्हणून बसावं लागलं. पुढे त्याला गप्प बसवेना.

"अगं, भिंत खाली रुंद हवी. थांबा, मी दाखवतो!"

सुटाचा कोट झाडाला लटकला. दुकान उघडायची वेळ टळून गेली. येप्पे कोपरापर्यंत हात घालून कालवा खणत होता, तेव्हा टिल्डे समोर येऊन उभी राहिली.

"बाबा, तू आता जा."

"अगं, पण कालवा अर्धाच झालाय!"

"आम्ही करतो. इथं मोठ्यांनी नसतं खेळायचं. कार्ला, चल गं!"

आणि ती पाठ फिरवून पळाली. एकदाही वळून बघितलं नाही.

येप्पे कोट घेऊन फाटकाबाहेर आला, पण पुढे पाऊल निघेना. कुंपणाला धरून, टाचा उंचावून तो आत बघत राहिला. डोळे भरून आले होते.

इंगरने आतून त्याच्या खांद्यावर थोपटलं.

"पहिले दोन-तीन दिवस जड जातं रे," रडणाऱ्या नव्या पोराला समजवावं तशी ती म्हणाली. "मग होते सवय."